रांग, जाळी आणि सुव्यवस्था : ईझिंग प्रतिमानाची उकल

लोखंड सुमारे ७७० अंश सेल्सियसपर्यंत तापविले असता त्याचे लोहचुंबकत्व लोपते. हा बदल क्रमाक्रमाने नव्हे, तर एका निश्चित तापमानास घडतो. प्रत्येक अणू केवळ आपल्या निकटच्या शेजाऱ्यांशी संबंध ठेवत असताना कोट्यवधी अणूंचे हे एकमत कसे होते व कसे मोडते, हा सांख्यिकीय भौतिकीतील मूलभूत प्रश्न होय.

त्याच्या उत्तरासाठी व्हिल्हेल्म लेंट्स यांनी १९२० मध्ये एक अत्यंत साधे प्रतिमान सुचविले. जालकाच्या प्रत्येक बिंदूवर एक बाण आहे. तो वर तरी असेल किंवा खाली तरी. शेजारचे दोन बाण समदिश असल्यास जोडीची ऊर्जा उणे एक, विरुद्ध असल्यास अधिक एक. तापमानही याच एककात मोजावयाचे. एवढ्या सामग्रीवरून समूहाचे वर्तन काढणे म्हणजे प्रतिमानाची उकल. नियम सोपे असले तरी गणना सोपी नाही. दहा ओळी व दहा स्तंभ यांच्या लहानशा जाळीतही बाणांच्या रचना दोनाच्या शंभराव्या घाताइतक्या, म्हणजे एकतीस अंकी संख्येएवढ्या होतात. त्या एकेक मोजणे अशक्य. म्हणून युक्ती शोधावी लागते.

लेंट्स यांचे विद्यार्थी एर्न्स्ट ईझिंग यांनी एका रांगेपुरती ही उकल हॅम्बुर्ग येथील प्रबंधात केली व ती १९२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे मर्म पुढीलप्रमाणे सांगता येईल. सर्व बाण वर असलेल्या लांब रांगेत एका ठिकाणापासून पुढचे सर्व बाण उलटे केले, तर केवळ एकच जोडी विसंगत होते व दोन एकके ऊर्जा खर्ची पडते. परंतु हा तडा रांगेत कोठेही पडू शकतो. रांग जितकी लांब तितक्या त्याच्या जागा अधिक, आणि जागांच्या संख्येच्या लॉगरिथमाप्रमाणे एंट्रॉपी वाढते. ऊर्जेचा खर्च मात्र दोनच राहतो. त्यामुळे तापमान शून्याहून किंचितही अधिक असले, तरी पुरेशा लांब रांगेत तडे पडणारच. तापमान एक एकक असताना निकटच्या दोन बाणांमधील सहसंबंध सुमारे ०.७६ असतो, दहाव्या बाणापर्यंत पोहोचताना तो ०.०७ च्याही खाली उतरतो.

येथवर सर्व निर्दोष होते. तथापि त्रिमितीतही सुव्यवस्था संभवत नाही असे अनुमान ईझिंग यांनी पुढे काढले, आणि ते चुकीचे ठरले. याच्या उलट टोकाची चूक पिअर व्हाइस यांच्या १९०७ च्या सरासरी क्षेत्राच्या पद्धतीत आहे. शेजाऱ्यांच्या जागी त्यांची सरासरी घेणारी ही पद्धत ईझिंगच्या प्रतिमानास लावली, तर एका रांगेतही दोन एकके तापमानास संक्रमण होते असे उत्तर येते. वास्तविक तेथे ते होतच नाही.

रांगेवरून जाळीकडे वळताना काय बदलते, हे रुडॉल्फ पायर्ल्स यांनी १९३६ मध्ये दाखविले. प्रतलात उलट्या बाणांचे बेट निर्माण करावयाचे, तर त्याभोवती पूर्ण कुंपण लागते. कुंपणाच्या प्रत्येक एकक लांबीस दोन एकके ऊर्जा पडते. कुंपण आखताना प्रत्येक पावलास फार तर तीन दिशा मोकळ्या असतात. म्हणून एंट्रॉपीही लांबीच्याच प्रमाणात वाढते. आता सामना बरोबरीचा आहे. तापमान कमी असेल तर ऊर्जा वरचढ ठरते, मोठी बेटे दुर्मिळ होतात व सुव्यवस्था टिकते. विशेष हा, की संक्रमण आहे हे प्रतिमानाची संपूर्ण उकल न करताच सिद्ध होते.

नेमके तापमान शोधण्यास क्रॅमर्स व वानिअर यांची १९४१ ची युक्ती उपयोगी पडली. उच्च तापमानाचे गणित व नीच तापमानाचे गणित ही चौरस जाळीत एकमेकांची प्रतिबिंबे आहेत असे त्यांनी दाखविले. संक्रमणबिंदू एकच असेल, तर तो ही प्रतिबिंबे जुळतात तेथेच असणार. एक अधिक दोनाचे वर्गमूळ या संख्येच्या नैसर्गिक लॉगरिथमाने दोनास भागले, की तो मिळतो : २.२६९. सरासरीची पद्धत येथे चार सांगते.

लार्स ऑन्सागर यांनी १९४४ मध्ये चुंबकक्षेत्राविना या जाळीची संपूर्ण उकल प्रसिद्ध केली. संक्रमणबिंदूशी विशिष्ट उष्णता लॉगरिथमाच्या गतीने अनंताकडे जाते, हे तीतून निष्पन्न झाले. चुंबकत्व तेथे तापमानातील अंतराच्या एक-अष्टमांश घाताने शून्यावर येते, याची सिद्धता चेन निंग यांग यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केली. सरासरीच्या पद्धतीने हा घात एक-द्वितीयांश येतो. मर्यादित आकाराच्या कोणत्याही जाळीत असे तीक्ष्ण संक्रमण संभवत नाही. जाळी अनंत विस्तारते तेव्हाच ते प्रकट होते.

त्रिमितीतील संक्रमणाचे तापमान संगणकीय गणनेने ४.५११ असे ज्ञात आहे. ऑन्सागर यांच्यासारखी बंद सूत्रातील उकल मात्र अद्याप हाती आलेली नाही. एका मितीवरून तीन मितींविषयी बोलण्याचा ईझिंग यांचा मोह म्हणूनच बोधप्रद ठरतो. नियम तेच, बाण तेच. परंतु शेजाराची मांडणी बदलली की समूहाचे भवितव्य बदलते.