सिदाद द गोवा : हॉटेल देखणे, पण किनारा कोणाचा?



भारतवारीत चार दिवस गोव्याला जाऊन यायचे, असे बेत आपल्यापैकी बऱ्याच घरांत शिजत असतात. त्यानिमित्ताने आम्ही पणजीजवळच्या दोना पावला भागातील एका हॉटेलची ओळख करून देत आहोत.

वायंगिणीच्या छोट्याशा किनाऱ्यावर 'सिदाद द गोवा' १९८२ साली उभे राहिले. पोर्तुगीज भाषेत सिदाद म्हणजे शहर. वास्तुशिल्पी होते चार्ल्स कोरिया (१९३०-२०१५), मूळ गोव्याचे, कर्मभूमी मुंबई. नवी मुंबईच्या नियोजनात त्यांचा मोठा वाटा होता. अमेरिकेतील एमआयटी या त्यांच्या विद्यापीठात मेंदूविज्ञानाची इमारतही (२००५) त्यांचीच.

कोरियांनी एकच उंच ठोकळा बांधला नाही. उतारावर ठेंगण्या, रंगीत इमारती मांडल्या. गावात असतात तशा गल्ल्या, चौक आणि सज्जे केले. शिवाय भिंतींवर खोटी दारे-खिडक्या रंगवून घेतल्या. खरे कुठले नि चित्रातले कुठले, पाहणारा क्षणभर फसतो! हीच गंमत त्यांच्या पणजीच्या कला अकादमीत आहे. तिथल्या दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहातले प्रेक्षकांनी भरलेले सज्जे मारिओ मिरांडा यांनी चितारले होते.

पण या हॉटेलचे नाव कायद्याच्या पुस्तकांतही आहे. विस्तारासाठी सरकारने शेजारची जमीन संपादन करून दिली, तेव्हा लोकांना किनाऱ्यावर जाण्याची वाट मोकळी ठेवावी अशी अट होती. त्या जागेत बांधकाम झाले म्हणून स्थानिक लोक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लोकांच्या बाजूने लागला आणि जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. किनाऱ्यासारखी निसर्गसंपत्ती सरकारकडे जनतेची ठेव म्हणून असते, सरकार तिचे विश्वस्त आहे, मालक नव्हे, असे तत्त्व त्यात मांडले गेले. पुढे त्याच वर्षी राज्य सरकारने भूसंपादन कायद्यात दुरुस्ती करून बांधकामाला संरक्षण दिले. त्यावरून गोव्यात बरीच टीका झाली. तत्त्व मात्र देशभरच्या किनाऱ्यांसाठी महत्त्वाचे ठरले.

आज हे हॉटेल ताज समूह चालवतो. खोलीचे भाडे परवडो न परवडो, वाळू आणि लाटा सगळ्यांच्याच. हॉटेलात उतरलात तर मुलांना त्या रंगवलेल्या खिडक्या जरूर दाखवा. आणि समोरच्या वाळूत गावातली मुले खेळताना दिसली, तर तीही आपल्याइतक्याच हक्काने तिथे आली आहेत, एवढेही सांगा.