गृहजालातील उपकरणशोध

गृहजालातील उपकरणशोध : एकाच घरातील संगणक, भ्रमणध्वनी, मुद्रक, दूरचित्रवाणी संच, निगराणी कॅमेरे इ. उपकरणे एका सामाईक जालाला जोडलेली असता त्यांनी परस्परांचे अस्तित्व, नाव, पत्ता व सेवा आपोआप ओळखून घेण्याच्या क्रियेला उपकरणशोध म्हणतात. अशा जालाच्या केंद्रस्थानी राउटर हे साधन असते. त्याची एक बाजू इंटरनेट पुरविणाऱ्या संस्थेच्या तारेला अथवा प्रकाशतंतूला जोडलेली असते व दुसरी बाजू घरातील उपकरणांना तारेने किंवा वाय-फाय पद्धतीच्या रेडिओ तरंगांनी जोडते. पुरवठादार संस्थेचा राउटर बदलून दुसरा बसविल्यावर इंटरनेट सुरळीत चालते, परंतु घरातलाच मुद्रक किंवा कॅमेऱ्यांची चित्रे साठविणारा संच सापडेनासा होतो, असे अनेकदा आढळते. बाहेर जाणारे संदेश आणि घरातल्या घरात फिरणारे शोधसंदेश यांचे नियम भिन्न असल्यामुळे ही विसंगती निर्माण होते.

पार्श्वभूमी : भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्या काळी दूरध्वनीच्या तारेवर एकच संगणक जोडला जाई त्यामुळे उपकरणशोधाचा प्रश्न घरात उद्‌भवत नसे. २००४ च्या धोरणाने सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेगाच्या अखंड जोडणीस ब्रॉडबँड ही संज्ञा दिली. पुढे एका जोडणीवर अनेक उपकरणे चालविण्याची गरज वाढली व राउटर घरोघरी आला.

पुण्याच्या पश्चिमेकडील कोथरूड हे उपनगर या प्रश्नाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनी यांसारख्या वसाहतींतील बंगले व जुन्या सहकारी गृहरचना संस्थांच्या इमारती पाडून तेथे पुनर्विकासाने उंच इमारती उभ्या राहत आहेत. बांधकामाच्या काळात कुटुंब भाड्याच्या घरात जाते व काम पूर्ण झाल्यावर परत येते. दोन्ही वेळा पुरवठादार व राउटर बदलण्याचा प्रसंग येतो, मुद्रक व कॅमेरे मात्र जुनेच राहतात. शिवाय प्रबलित काँक्रीटच्या भिंती रेडिओ तरंगांचे, विशेषतः ५ गिगॅहर्ट्झ पट्ट्यातील तरंगांचे, मोठ्या प्रमाणात क्षीणन करतात. त्यामुळे मागच्या खोलीत दुसरा राउटर बसविला जातो व त्यातून नवीच अडचण उत्पन्न होते.

पत्त्यांची व्यवस्था : १९८१ मध्ये निश्चित झालेल्या इंटरनेट संकेतानुसार प्रत्येक उपकरणाला ३२ द्विमान अंकांचा पत्ता असतो. असे सु. ४२९ कोटी पत्ते शक्य आहेत. ते अपुरे पडू लागल्याने खाजगी जालांसाठी काही पत्ते राखून ठेवण्यात आले (१९९६). १९२.१६८ या अंकांनी सुरू होणारे पत्ते त्यांपैकी होत. घरातील सर्व उपकरणांचे खाजगी पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे झाकण्याची पत्तांतरण पद्धती १९९४ मध्ये मांडण्यात आली. उपकरणाने जालात प्रवेश करताच त्याला ठराविक मुदतीसाठी पत्ता देण्याचे कामही राउटरच करतो.

एखाद्या राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर सर्वसाधारणपणे पहिले तीन अंकगट समान असलेली उपकरणेच एका जालातील मानली जातात. नव्या राउटरचा पत्ता १९२.१६८.०.१ असल्यास सगळ्या घराची पत्तामालिका बदलते. ज्या मुद्रकाला पूर्वी १९२.१६८.१.५० असा कायम पत्ता हाताने दिलेला असेल, तो जुन्याच मालिकेत राहतो. संगणकाने त्याच्यासाठी पाठविलेला मजकूर समोरच्या मेजावर न जाता राउटरकडे जातो, राउटर तो घराबाहेर पाठवितो व तेथे तो नष्ट होतो. मुद्रकाने नवा पत्ता घेतला तरी संगणकाने जुनाच पत्ता टिपून ठेवला असेल, तर परिणाम तोच होतो.

शोधाच्या पद्धती : पत्ता ठाऊक नसताना उपकरण सापडावे म्हणून समूहप्रक्षेपण वापरतात. यात संदेश एका उपकरणाला न पाठविता एका ठरावीक समूहपत्त्यावर पाठविला जातो व त्या समूहातील सर्व उपकरणे तो ऐकतात. या तंत्राचे नियम स्टीव्ह डिअरिंग यांनी १९८९ मध्ये प्रमाणित स्वरूपात मांडले. ॲपल कंपनीने २००२ मध्ये आणलेली व २००५ पासून बाँझूर या नावाने ओळखली जाणारी पद्धती २२४.०.०.२५१ हा समूहपत्ता वापरते. ‘मुद्रणसेवा कोण देते ?’ असा प्रश्न या पत्त्यावर विचारला जातो व मुद्रक आपले नाव व पत्ता सांगून उत्तर देतो. या पद्धतीचे प्रमाणक २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. दूरचित्रवाणी संच व ध्वनिसंच यांत प्रचलित असलेली दुसरी पद्धती २३९.२५५.२५५.२५० हा समूहपत्ता वापरते. हे शोधसंदेश सामान्यतः एका जालाच्या सीमेतच राहतात. राउटर ते पलीकडच्या जालात पोहोचवीत नाही.

दोषांची कारणे : (१) दुहेरी जाल : पुरवठादाराचा राउटर तसाच ठेवून त्याला दुसरा जोडला, तर घरात एकामागे एक अशी दोन जाले तयार होतात. पुढच्या राउटरवरील मुद्रक व मागच्या राउटरवरील भ्रमणध्वनी या दोहोंना इंटरनेट मिळते, पण शोधसंदेश मधली सीमा ओलांडत नाहीत. (२) विलगीकरण : पाहुण्यांसाठीच्या वाय-फाय जालात उपकरणांना परस्परांशी बोलू न देण्याची सोय असते. नेहमीची उपकरणे चुकून याच जालात जोडली की ती एकमेकांना दिसत नाहीत. (३) पट्ट्यांचा भेद : अनेक कॅमेरे व विजेची स्वयंचलित बटणे केवळ २.४ गिगॅहर्ट्झ पट्ट्यावर चालतात. नव्या राउटरवर हा पट्टा बंद असल्यास किंवा वाय-फायचे नाव व परवलीचा शब्द बदलल्यास ती जालात येतच नाहीत. (४) समूहसंदेशांचे नियंत्रण : वाय-फायवर समूहसंदेश मंद गतीने व पोचपावतीविना जातात. म्हणून काही राउटर समूहाची सभासदयादी ठेवून इतरत्र संदेश पाठविण्याचे थांबवितात. यादीचे नूतनीकरण झाले नाही, तर चालू केल्यावर काही मिनिटे दिसणारा दूरचित्रवाणी संच नंतर अदृश्य होतो. (५) संगणकाचा सावधपणा : विंडोज प्रणाली नव्या राउटरला नवे, अनोळखी जाल समजते. ते सार्वजनिक वर्गात गेल्यास संगणक स्वतःहून शोध बंद ठेवतो. आयफोनच्या २०२० मधील चौदाव्या आवृत्तीपासून प्रत्येक अनुप्रयोगाला स्थानिक जाल पाहण्यासाठी वेगळी परवानगी लागते.

निदान व उपाय : प्रथम दोन्ही उपकरणांचे पत्ते पाहावेत. पहिले तीन अंकगट भिन्न असल्यास दोष पत्तामालिकेचा अथवा दुहेरी जालाचा असतो. ते समान असूनही पत्त्याने संपर्क होत नसेल, तर विलगीकरण किंवा संगणकावरील संरक्षक भिंत तपासावी. पत्त्याने संपर्क होतो, पण नावाने उपकरण सापडत नाही, अशा वेळी दोष शोधसंदेशांत असतो.

नव्या राउटरला जुन्याचीच पत्तामालिका, वाय-फायचे नाव व परवलीचा शब्द दिल्यास बहुतेक उपकरणे विनासायास परत येतात. मुद्रकाचा पत्ता मुद्रकात कायम न करता राउटरमध्ये त्याच्या नावे राखून ठेवणे श्रेयस्कर असते. दोन राउटर आवश्यक असल्यास पुरवठादाराचा राउटर केवळ सेतू म्हणून किंवा दुसरा राउटर केवळ वाय-फाय प्रवेशबिंदू म्हणून चालवावा म्हणजे घरात एकच जाल राहते.

सुरक्षितता : कोथरूडसारख्या उपनगरांत मुले परदेशी असलेली अनेक वृद्ध दांपत्ये एकटी राहतात व दूर असलेली मुले घरातील कॅमेऱ्यांवरून त्यांची विचारपूस ठेवतात. काही संचांना बाहेरून पाहण्याची वाट जुन्या राउटरमध्ये आखून दिलेली असते. राउटर बदलताच ती नाहीशी होते. नवा पुरवठादार अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देत असल्यास ती पुन्हा आखूनही उपयोग होत नाही. ज्या कॅमेऱ्यांची जोडणी मध्यस्थ सेवेमार्फत आतून बाहेर जाते, त्यांना ही अडचण येत नाही.

उपकरण सापडावे म्हणून सर्व संरक्षक सोयी सरसकट बंद करणे मात्र घातक ठरते. २०१६ मध्ये मिराई या उपद्रवी आज्ञावलीने कारखान्याहून आलेले परवलीचे शब्द न बदललेले लक्षावधी कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या संकेतस्थळांची सेवा बंद पाडली. म्हणून शोधाची मुभा फक्त घरातील जालापुरती ठेवावी, राउटरचा व कॅमेऱ्याचा मूळ परवलीचा शब्द प्रथम बदलावा आणि बाहेरून येणारी वाट गरजेशिवाय उघडू नये.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले मॅटर हे प्रमाणक निरनिराळ्या उत्पादकांची गृहोपयोगी उपकरणे एकत्र चालावीत यासाठी आहे. ते १२८ द्विमान अंकी पत्त्यांच्या नव्या संकेतावर आधारलेले असून त्यातील स्थानिक पत्ता राउटरने दिलेल्या पत्त्यावर अवलंबून नसतो. पत्तामालिका बदलल्याने होणारे दोष त्यामुळे कमी होतात. तथापि ही पद्धतीही समूहप्रक्षेपणावरच विसंबून असल्यामुळे घरात एकच अखंड जाल असण्याची आवश्यकता कायम राहते.