कारागृह शिपाई: जागा आहेत, तयारी हवी

पोलीस भरतीची तयारी करणारी बहुतेक मुले कारागृह शिपाई हे पद दुसऱ्या पसंतीचे मानतात. या खात्यात माणसांची गरज मात्र मोठी आहे. आदर्श कारागृह नियमावली, 2016 नुसार सहा कैद्यांमागे एक रक्षक असावा. प्रत्यक्षात 2022 च्या अखेरीस देशातील तुरुंगांत क्षमतेच्या सुमारे 131 टक्के कैदी होते आणि कर्मचाऱ्यांची जवळपास 30 टक्के पदे रिकामी होती. कैद्यांपैकी दर चारांत तीन कच्चे कैदी असल्याने न्यायालयात ने-आण, मुलाखती, झडती ही कामे रोज वाढतात.

‘तुरुंग’ हा राज्यांचा विषय असल्याने भरती राज्य सरकार करते. महाराष्ट्रात 2024 मध्ये झालेल्या 17,471 पदांच्या पोलीस भरतीत 1,800 जागा कारागृह शिपायांच्या होत्या. बारावी उत्तीर्ण उमेदवाराची आधी 50 गुणांची शारीरिक चाचणी, मग 100 गुणांची लेखी परीक्षा होते.

नोकरी कायमची असली तरी रात्रपाळी आणि बंद भिंतींचा ताण खरा आहे. अर्ज करण्यापूर्वी या खात्यातल्या एखाद्या शिपायाशी निवांत बोलून घ्या.