मातीचं घर, पेंढ्याची गोधडी

लडाखला जाणारा मराठी माणूस बहुधा जूनमध्ये जातो. दुपारचं ऊन चटके देत असतं, आणि होमस्टेच्या मातीच्या घरात पाऊल टाकलं की छान गार वाटतं. 'भिंती बघा केवढ्या जाड! हिवाळ्यात आत एकदम ऊबदार,' असं कुणीतरी सांगतं आणि आपण कौतुकानं मान डोलावतो. गंमत अशी, की याच घरातल्या चुलीपासून लांबच्या खोल्यांत जानेवारीच्या रात्री बादलीतलं पाणी गोठतं. दहा-बारा खोल्यांचं ऐसपैस घर असूनही हिवाळाभर सगळं कुटुंब एकाच खोलीत गोळा होतं. ती खोली म्हणजे चान्सा, तिथलं स्वयंपाकघर. मधोमध पत्र्याची चूल, तिच्यात शेणाच्या गोवऱ्या आणि विलोच्या काटक्या, भोवती आजीपासून नातवापर्यंत सगळे. बाकीचं घर बंद.

म्हणजे जाड भिंतीची ती थोरवी खोटी? अगदी खोटी नाही, पण अर्धीच खरी. जाडी आणि ऊब यांचं नातं आपण समजतो तितकं सरळ नसतं.

मातीची भिंत म्हणजे उष्णतेचा रांजण. दिवसभर ऊन खाते, हळूहळू तापते आणि हळूहळू निवते. दीड हात जाडीच्या भिंतीत बाहेरची ऊब आत पोचायला दहा-बारा तास सहज लागतात. म्हणून उन्हाळ्यात ती उत्तम. दुपारची धग आत येईतो रात्र झालेली असते आणि खिडकी उघडली की ती निघून जाते. आपल्या मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांचं गणित हेच. तुळया, त्यांवर काटक्या-पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. लडाखी छतही जवळजवळ असंच: पॉपलरच्या तुळया, त्यांवर विलोच्या काटक्या, गवत, माती आणि सगळ्यांत वर मरकालक नावाच्या चिकण मातीचा गिलावा. दोन्हीकडे पाऊस कमी आणि लाकूड महाग. गरज सारखी, म्हणून उत्तरही सारखं.

पण लडाखचा हिवाळा महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतो. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटरवर आहे. वर्षाचा पाऊस-बर्फ मिळून जेमतेम १०० मिलिमीटर. हवा विरळ आणि कोरडी. आपल्याकडे हवेतली वाफ आणि ढग रात्री जमिनीवर पांघरूण घालतात. तिथे ते पांघरूणच नाही, त्यामुळे सूर्य डोंगराआड गेला की जमिनीची ऊब सरळ आकाशात निघून जाते. पारा उणे १५, उणे २० अंशांवर उतरतो. अशा वेळी रांजण कितीही मोठा असला तरी तो पाझरका असेल तर काय उपयोग? आणि माती पाझरकीच आहे.

दोन आकडे पुरेत. सारख्या जाडीचे थर घेतले, तर मातीतून जेवढी उष्णता निसटते तिच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढीच कोरड्या पेंढ्यातून निसटते. म्हणजे १० सेंटिमीटर पेंढा उष्णता अडवण्यात मीटरभर मातीच्या तोडीचा! जादू पेंढ्याची नाही, त्यात अडकून पडलेल्या हवेची आहे. स्थिर हवा हा सर्वांत स्वस्त उष्णतारोधक. गोधडी जुन्या लुगड्यांची असो की नव्या कापडाची, ऊब देते ती थरांमधली हवा. लोकर, लाकडाचा भुसा, थर्माकोल ही सगळी हवा पकडून ठेवायचीच साधनं.

जुन्या माणसांना हे वैज्ञानिक भाषेत ठाऊक नसेल, पण घर ते बरोबर चालवत. गच्चीवर हिवाळ्याचा चारा आणि सरपण रचून ठेवत. संपन्नतेची ती खूण होतीच, शिवाय छताला गोधडीही मिळे. तळमजल्यावर गुरं असत. एक गाय म्हणजे काहीशे वॅटचा हीटर, तोही रात्रभर चालणारा आणि सकाळी दूध देणारा. आता अनेक घरांतली गुरं कमी झाली किंवा वेगळ्या गोठ्यात गेली. साहजिकच चाराही कमी झाला. घर तेच राहिलं, पण त्याचा हीटर गेला आणि पांघरूणही गेलं. जुनी घरं पूर्वीपेक्षा गार वाटतात म्हणणारे म्हातारे केवळ वयामुळे तसं म्हणत नसावेत.

मग अशा घराचं करायचं काय? पाडून सिमेंटचं बांधायचं, हे आजचं सर्रास उत्तर. त्यामागची भीती समजण्यासारखी आहे. ऑगस्ट २०१०च्या ढगफुटीत लेहच्या परिसरात दोनशेहून अधिक माणसं गेली आणि कितीतरी मातीची घरं अक्षरशः विरघळली. पण थंडीच्या हिशेबात हे उत्तर उलटं पडतं. काँक्रीट मातीपेक्षा दुप्पट किंवा त्याहून जास्त वेगानं उष्णता वाहून नेतं, आणि ब्लॉकची भिंत असते जुन्या भिंतीच्या निम्म्या जाडीची. घर पक्कं होतं आणि राहणारे काकडतात.

दुसरा मार्ग जुन्या घरालाच गोधडी शिवण्याचा. लेहमधल्या लडाख इकॉलॉजिकल डेव्हलपमेंट ग्रुपसारख्या संस्थांनी आणि पुढे जेरेस या फ्रेंच संस्थेनं स्थानिक गवंडी-सुतारांना हाताशी धरून गावोगाव हे काम केलं. त्यातली मेख कुठे काय करायचं यात आहे.

सुरुवात फटींपासून. दाराखालची बोटभर फट आणि चौकटीभोवतीची भेग यांतून वारा खोलीतली सगळी ऊब बाहेर नेतो. माती-भुशाचा लगदा, लोकरीच्या चिंध्या, उंबऱ्याला पट्टी. खर्च जवळजवळ शून्य. मात्र इथे एक धोका आहे, आणि तो गंभीर आहे. घट्ट बंद केलेल्या खोलीत धुराड्याशिवाय शेगडी पेटवली तर कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. चूल पेटणार असेल तर धुराडं हवंच, आणि ताजी हवा आत घेणारी एक छोटी वाटही.

मग छत. गरम हवा वर चढते आणि रात्रीच्या आकाशाकडे तोंड करून असतं तेही छतच. जुन्या पॉपलरच्या तुळयांवर आधीच मातीचं ओझं असतं, म्हणून वर आणखी माती टाकणं हा वेडेपणा. त्याऐवजी खालून, तुळयांच्या मधल्या खणांत पेंढा किंवा भुसा भरतात आणि खाली फळ्या, प्लाय, निदान कापड ताणून बसवतात. उंदीर येऊ नयेत म्हणून भुशात चुना कालवतात. चुलीचं धुराडं छतातून जातं तिथे मात्र हातभर अंतरात पेंढा अजिबात नको. तेवढं कडं माती-दगडाचंच हवं. छत गळत असेल तर आधी ते दुरुस्त करायचं, कारण भिजलेला पेंढा ऊब तर धरत नाहीच, वर कुजतो.

भिंतींत उत्तरेची सर्वांत दुबळी. हिवाळाभर तिला ऊन दिसत नाही. जुन्या भिंतीपासून १० सेंटिमीटर आत लाकडी चौकट उभी करायची, मधल्या पोकळीत पेंढा ठासायचा आणि आतून फळ्या मारून गिलावा करायचा. खरं तर गोधडी भिंतीच्या बाहेरून घातलेली बरी, म्हणजे रांजण आतल्या बाजूला राहतो आणि चुलीची ऊब साठवतो. पण बाहेरच्या पेंढ्याला पाऊस-बर्फापासून जपावं लागतं आणि नक्षीदार दर्शनी भाग झाकला जातो. जुन्या घरात म्हणून बहुतेक वेळा तडजोड आतूनच होते.

राहिली दक्षिण. इथे पेंढा भरायचा नाही, कारण कमाई इथूनच होते. लेहला वर्षातले तीनशेच्या आसपास दिवस ऊन असतं. डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त ३२-३३ अंश वर असतो, म्हणजे किरण दक्षिणेच्या काचेतून खोलीत थेट आतवर शिरतात. जूनमध्ये तोच सूर्य ७९ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर. छपराचा हातभर पुढे आलेला पाखा त्याला बाहेर थोपवतो. कुणी दक्षिणेला काचेची खोली करतात, तिला शेलखांग म्हणतात. कुणी ऑक्टोबरात भिंतीला प्लास्टिकचं हरितगृह टेकवतात आणि मे महिन्यात काढून ठेवतात. घर तापतं आणि भर थंडीत कोथिंबीर-पालकही मिळतो.

तिसरा प्रकार 'ट्रोम्ब भिंत'. फेलिक्स ट्रोम्ब या फ्रेंच संशोधकाचं नाव तिला मिळालं, पण तिचं पेटंट अमेरिकेत एडवर्ड मोर्स यांनी १८८१ सालीच घेतलं होतं. दक्षिणेच्या भिंतीला काळा रंग द्यायचा आणि चार बोटं अंतर सोडून पुढे काच लावायची, एवढीच कल्पना. भिंत दिवसा तापते आणि रात्री जेवणवेळेला तिची ऊब आत उतरू लागते. 'थ्री इडियट्स'मुळे प्रसिद्ध झालेल्या शे गावच्या शाळेच्या वसतिगृहांत अशाच भिंती आहेत. फे गावचं सेकमॉल या संस्थेचं आवारही मातीच्या भिंती आणि सूर्य यांवरच हिवाळा काढतं.

पण काचेच्या मोहात पडू नये. उणे १५ अंशांच्या रात्री आत १५ अंश ऊब असेल, तर एकेरी काच दर चौरस मीटरला १७० वॅट बाहेर टाकते. पंधरा तासांच्या रात्रीत झाले अडीच युनिट. दिवसाची कमाई असते चार-पाच युनिटांची. म्हणजे निम्मी कमाई रात्रीत उडाली! म्हणून दुहेरी काच, ती परवडत नसेल तर ऊन उतरताच जाड लोकरीचा पडदा, तळाशी जमिनीला टेकलेला. पर्यटकांना आवडतात म्हणून चारही बाजूंना काचा लावलेल्या नव्या खोल्या रात्री किती गार पडत असतील, त्याचा हिशेब आता वाचकच करू शकेल.

जानेवारीत गोठलेल्या नदीवरच्या चादर ट्रेकला गेलात आणि एखाद्या गावात मुक्काम पडला, तर उत्तरेच्या भिंतीवर आतून तळहात ठेवून पाहा. हात लगेच मागे घ्यावासा वाटला तर ती नुसती माती आहे. वाटला नाही, तर आत पेंढा आहे.