भात दोषी की भाताभोवतीचे ताट?

मधुमेहाचे निदान झाले, की भंडारा जिल्ह्यातील रुग्णाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टरसाहेब, भात बंद करू का?" धानाच्या जिल्ह्यात हा प्रश्न साधा नाही. वऱ्हाडात जशी ज्वारीची भाकर, तसा आपल्याकडे दोन्ही वेळचा भात. मग कोणी तरी 'पोळ्या खा' असा सल्ला देतो आणि रुग्ण भात सोडून सहा पोळ्यांवर येतो. तरीही साखर उतरत नाही. असे रुग्ण मी नेहमी पाहतो. भाताचा दोष नेमका किती, हे समजण्यासाठी दोन परदेशी ताटे आपल्या ताटाशेजारी ठेवून पाहू.

पहिले ताट दक्षिण कोरियाचे. हे लोकही आपल्यासारखेच भातखाऊ. परंतु त्यांच्या पारंपरिक जेवणात भाताची एक वाटी आणि तिच्याभोवती लहान लहान वाट्या असतात : पालेभाज्या, सोयाबीनचे पदार्थ, मासे, पातळ सार आणि किमची. किमची म्हणजे कोबीची जात, मुळा इत्यादी मीठ-मिरची लावून आंबवलेले. तांदळाची टंचाई होती त्या काळात, १९६०-७० च्या दशकांत, तेथील सरकारने भातात जव मिसळण्याचा आग्रह धरला. शाळेत मुलांचे डबे उघडून ते तपासले जात.

पुढे सुबत्ता आली. १९७० साली कोरियात माणशी वर्षाला सुमारे १३६ किलो तांदूळ लागत असे. आता तो ६० किलोंच्याही खाली आला आहे. भातच मधुमेहाचे मूळ असते, तर तो आजार तेथे घटायला हवा होता. प्रत्यक्षात तो वाढला. कारण भाताची जागा भाजीने घेतली नाही. तळलेले पदार्थ, मैद्याचे पदार्थ आणि गोड पेये आली, आणि अंगमेहनत गेली. कोरियाचे सारेच अनुकरणीय आहे असेही नाही. त्यांच्या आहारात मीठ फार, आणि जठराच्या कर्करोगाचे प्रमाणही तेथे मोठे आहे. लोणचे-पापडाशिवाय घास न उतरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, एवढे मीठ पुरे.

दुसरे ताट अमेरिकेचे. तेथे भात नाममात्र. तरी दर पाच प्रौढांमागे सुमारे दोघे लठ्ठ आहेत. तेथील लोकांच्या निम्म्याहून अधिक उष्मांक कारखान्यात तयार झालेल्या अन्नातून येतात : पाव, बिस्किटे, चिप्स, थंड पेये, मांसाचे तयार पदार्थ. हे अन्न चावावे लागत नाही, पटकन पोटात जाते आणि भूक भागण्याआधीच जास्त खाल्ले जाते.

आता आपले ताट पाहा. जुन्या ताटात भात भरपूर होता, पण सोबत वरण, अंबाडी किंवा तरोट्याची भाजी, वांगी, जवसाची चटणी, तलावातले मासे आणि झिंगेही होते. शिवाय चिखलणी आणि रोवणीचे कष्ट होते. आज कष्ट कमी झाले, भाजी चमचाभर उरली, भाताचा ढीग मात्र तेवढाच राहिला. वर चहासोबत बिस्किटे आणि मुलांच्या हातात पाकिटे. म्हणजे कोरियाचा भात ठेवून आपण अमेरिकेची पाकिटे आणली!

पोळीने प्रश्न का सुटत नाही? गव्हातला पिष्टमय भागही पोटात साखरच होतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपले सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय व गोड पदार्थांतून येतात. तांदळाऐवजी नुसते गव्हाचे किंवा भरड धान्याचे पीठ घेतल्याने मधुमेहाचा धोका घटलेला दिसला नाही. धान्याचे एकूण प्रमाणच कमी करून डाळी, दूध-दही यांसारखी प्रथिने वाढवणे हिताचे ठरते.

तेव्हा पुढील गोष्टी कराव्यात :

१) अर्धे ताट भाजीने भरा. उरलेल्या अर्ध्यापैकी एका भागात घट्ट वरण, मासे किंवा अंडी आणि दुसऱ्या भागात भात. भात वाटीने मोजून घ्या.

२) आधी भाजी व वरण खा, भात शेवटी. जेवणानंतरची साखर त्यामुळे कमी चढते.

३) लाखोळीची डाळ रोजचे मुख्य अन्न करू नका. महिनोन् महिने तीच खाल्ल्यास पाय लुळे पडण्याचा धोका असतो. गरम पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून, मधूनमधूनच वापरा.

४) जेवणानंतर १०-१५ मिनिटे चाला.

एक महत्त्वाची सूचना. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी भात एकाएकी तोडू नये. औषध तेवढेच आणि जेवण निम्मे झाले, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, घाबरल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे. रुग्ण शुद्धीवर असल्यास ताबडतोब तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्यावी आणि डॉक्टरांना गाठावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डाळीचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

सारांश, आपल्या बांधीतला भात शत्रू नाही. फक्त त्याने ताटातली आपली जागा ओळखून राहावे आणि भाजी-वरणाला जागा द्यावी.