निजलेल्या सर्व्हरास नवे फर्मवेअर

जयपूर येथे राजस्थान शासनाचे भामाशाह राज्य विदाकेंद्र आहे. शासनाच्या अनेक संगणकीय सेवा तेथील सर्व्हरांवर अवलंबून असतात. अशा केंद्रात एखाद्या सर्व्हरात नव्या पिढीचा प्रोसेसर बसविला आणि सर्व्हर मुळीच सुरू झाला नाही, तर काय करावे?

मदरबोर्डवर एक लहानशी चिप असते. प्रोसेसरास जागे होताना लागणारे पहिले पाठ, म्हणजेच फर्मवेअर, तीत साठविलेले असते. एएमडीचे २०१७ व २०१९ सालचे ‘एपिक’ प्रोसेसर एकाच खोबणीत बसतात. परंतु जुन्या फर्मवेअरास नव्याची ओळख नसते. फर्मवेअर बदलण्यास चालता प्रोसेसर हवा आणि प्रोसेसर चालण्यास नवे फर्मवेअर हवे, असा हा पेच आहे. जुना प्रोसेसर तात्पुरता बसविणे हा त्यावरील नेहमीचा उपाय होय.

अनेक सर्व्हरांत देखरेख करणारा एक छोटा, स्वतंत्र नियंत्रकही मदरबोर्डवरच असतो. सर्व्हर बंद असला, तरी वीज जोडलेली असेतो तो जागा राहतो. त्याच्याशी बोलण्यासाठी १९९८ मध्ये आयपीएमआय आणि २०१५ मध्ये रेडफिश ही सामायिक पद्धती ठरली. दूरच्या तंत्रज्ञाने धाडलेले फर्मवेअर अस्सल आहे, हे नियंत्रक अंकीय स्वाक्षरीवरून पडताळतो. मग तो चिपेचा मार्ग आपल्याकडे वळवितो, जुना मजकूर पुसून नवा लिहितो, ताडून पाहतो आणि मार्ग पूर्ववत करतो.

लिहिताना वीज गेल्यास पाठ अर्धवट राहतो. तथापि नियंत्रक शाबूत असल्यास पुन्हा लिहिता येते. मात्र ज्याच्या हाती नियंत्रक, त्याच्या हाती सारा सर्व्हर. म्हणून त्याचे जाळे वेगळे व बंदिस्त राखणे अगत्याचे होय.