कपाशीस पाणी व नत्र : उतारा आणि धागा

वऱ्हाडांतील बहुतेक कपाशी अद्यापि पावसावरच येते. ज्यांच्या शेतांत विहीर किंवा ठिबक आहे, त्यांच्यांत मात्र पाणी व युरिया जितका अधिक तितकें पीक अधिक, असा समज रूढ झालेला दिसतो. आमची सारी चाकरी महसुली दप्तरांत गेली. तेथें पिकाचें क्षेत्र लिहिलें जातें व उताऱ्यावरून पैसेवारी ठरते; धाग्यास रकाना नाहीं. सरकारी आधारभूत किंमत मात्र तंतूची लांबी आणि मायक्रोनेअर, म्हणजे तलमता व पक्वता दाखविणारा आंकडा, पाहून लाविली जाते. सबब उतारा व धागा या दोहोंचा विचार एकत्र करणें अवश्य आहे.

सरकीवरील प्रत्येक तंतु ही एकच लांबट पेशी होय. फूल उमलल्यापासून सुमारें तीन आठवडे ती लांबीनें वाढते. पुढील तीन-चार आठवडे तिची भिंत आंतून भरत जाते. पहिल्या काळांत जमीन फार सुकली तर धागा आंखूड राहतो. दुसऱ्या काळांत ताण बसला तर तो कच्चा राहतो. सप्टेंबरअखेर पाऊस उघडला कीं हलक्या जमिनींत नेमका हाच काळ सांपडतो. अशा वेळीं विहिरीचें एक पाणीही मोठें काम करतें. लांबी मुळांत वाणावर अवलंबून असते. पाण्यानें ती वाणाच्या मर्यादेपलीकडे जात नाहीं, घट मात्र टळते.

नत्राचें काम मुख्यतः उताऱ्याचें. त्यानें फांद्या व बोंडें वाढतात. लांबीवर त्याचा परिणाम थोडाच होतो. ओल नसतां वर फेंकलेला युरिया मुळांपर्यंत पोंचत नाहीं, व त्यांतील नत्राचा कांहीं भाग हवेंत उडून जातो. उलट काळ्या जमिनींत पाणी तुंबलें तर मुळें गुदमरतात आणि नत्र वायुरूपानें नाश पावतें. ४५ किलोंच्या गोणींत सुमारें २१ किलो नत्र असतें. त्यांतील किती पिकास लागेल, हें ओलीवर ठरतें.

दोन्ही जास्त झालीं तर पऱ्हाटी माजते, तुडतुडे व पांढरी माशी वाढते, दाटींत खालचीं बोंडें सडतात. फुलोरा लांबतो; उशिराचीं बोंडें थंडींत अर्धवट भरतात, आणि उभ्या पिकांत गुलाबी बोंडअळीस आश्रय मिळतो. सातबाऱ्यावरील बोजा क्विंटलांनीं उतरत नाहीं. फवारणी, खत व वेचणी यांचा खर्च वजा जातां उरलेल्या रुपयांनीं उतरतो.

म्हणून शेतकरी बंधूंस आमची सूचना अशी : माती तपासून नत्राची मात्रा ठरवावी. ती पेरणीच्या वेळीं, एका महिन्यानें व दोन महिन्यांनीं, अशी ओल पाहून विभागून द्यावी. बोंडें भरूं लागल्यावर युरिया देऊं नये. पाणी थोडेंच असेल तर तें फुलें व बोंडें भरण्याच्या काळासाठीं राखावें, आणि बोंडें फुटूं लागतांच बंद करावें. भारी जमिनींत पाणी निघून जाण्यास चर काढावेत. पहिल्या वेचण्यांचा स्वच्छ कापूस शेवटच्या कवडी कापसांत मिसळूं नये. विक्रीच्या वेळीं तो वेगळाच दाखवावा.